आपल्या विहिरीत सात होत्या की!

कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं अशांसाठी, आणि हार्बर लाइनवर ज्यांचं नेटवर्क मध्येच गुल होतं त्यांच्यासाठी, या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' मी काढून टाकलेत. सगळे नाही निघाले. मागे वाजलेली कुकरची शिट्टी मात्र इथे नाही, ती ऐकायला ऑडिओच लावा.

तर झालं असं की, परळहून एका श्रोतीची व्हॉइस नोट आली. तिने 'द लिटिल मरमेड'चा २०२३ चा सिनेमा पाहिला होता. तिचा प्रश्न: "ताई, आपल्याकडे मत्स्यकन्या का नाही? एवढा समुद्र आहे, एवढे कोळीवाडे आहेत, आणि मासोळीच्या शेपटीची एकही बाई नाही?"

मी तिला लगेच उत्तर पाठवलं की, हो गं, आपल्याकडे तसं काही नाही. संध्याकाळी आजीशी फोनवर बोलताना सहज हा विषय निघाला. आजीचा जन्म गिरगावातल्या वाडीतला, लग्नही दोन गल्ल्या सोडून तिथेच. ती म्हणाली, "नाही कशा? आपल्या विहिरीत सात होत्या की!"

त्या सात म्हणजे साती आसरा.

'आसरा' हा शब्द 'अप्सरा'वरून आला असं मानतात. महाराष्ट्रात नदीचा डोह, तळं, विहीर, ओढ्याचं वळण, जिथे पाणी खोल आहे तिथे या सात बहिणी राहतात. मूर्ती वगैरे काही नसते. काठावर एका रांगेत सात दगड, त्यांना शेंदूर. ओटी भरायची, हळद-कुंकू वाहायचं, हिरव्या बांगड्या ठेवायच्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. मावळात त्यांना मावलाया म्हणतात, म्हणजे आया. दामोदर कोसंबींनी पुणे आणि मावळच्या परिसरात पायपीट करून या दगडांबद्दल आणि त्यांच्या वाटांबद्दल लिहून ठेवलंय.

आता या सात जणींची नावं बघा: मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी. मासोळी, कासवीण, खेकडी, बेडकी, शेवटची मगर. परळच्या त्या मुलीला मी 'नाही' म्हणून सांगितलं होतं, आणि इथे यादीतलं पहिलंच नाव मासोळीचं! फक्त तिला शेपटी लावून खडकावर बसवायचं आणि हातात आरसा द्यायचा, हे आपल्याकडे कुणाला सुचलं नाही.

आसरा गोड नाहीत. दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला पाण्यावर जायचं नाही, गेलं तर 'आसरा धरतात'. पोहायला गेलेला मुलगा बुडाला तर आसरांनी ओढला. ही भीती उपयोगाची होती, कारण विहिरीला कठडा नसेल तर पोरांना लांब ठेवायला काहीतरी लागतंच. पण तिची एक काळी बाजूही आहे. घरातली सून विहिरीत गेली, की तिलाही आसरांनीच नेलं असायचं. घरात आधी काय झालं होतं, हे मग कुणी विचारायचं नाही. म्हणजे लोककथा हे प्रकरण निव्वळ गोजिरवाणं नसतं, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

मत्स्यकन्येची गोष्ट ही घर सोडण्याची गोष्ट असते. हॅन्स ख्रिश्चन अँडरसनने १८३७ मध्ये लिहिलेली मूळ डॅनिश कथा डिस्नेपेक्षा बरीच निर्दय आहे. समुद्रातल्या मुलीला जमिनीवर यायचंय. तिला पाय मिळतात, पण त्यासाठी जीभ कापून द्यावी लागते. प्रत्येक पावलाला सुऱ्यांवर चालल्यासारखं दुखतं. ती राजवाड्यात राहते, सगळ्यांना आवडते, सुंदर नाचते, पण आपण कोण आणि कुठून आलो हे कुणाला सांगू शकत नाही. शेवटी राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो. गाव सोडून शहरात आलेल्या, किंवा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत राहायला गेलेल्या माणसाला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. नव्या जागेत उभं राहायला पाय मिळतात, बोली जाते.

पण त्या कथेतली मुलगी स्वतःहून निघते. मुंबईत उलटं झालं. इथे पाण्यात राहणारी तिथेच होती, पाणीच निघून गेलं.

कसं, ते सांगते. आज ज्याला आपण साउथ मुंबई आणि सेंट्रल मुंबई म्हणतो ती एके काळी सात बेटं होती, हे शाळेत वाचलेलं असतं. मधल्या खाड्यांमधून भरतीचं पाणी आत यायचं. सगळ्यात मोठी फट होती वरळी आणि महालक्ष्मीच्या मध्ये. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घालायला घेतला, आणि १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला. हाच हॉर्नबी वेलार्ड. हाजी अलीवरून जाणारा आजचा लाला लजपतराय मार्ग त्याच जागी आहे. बांध झाल्यावर आतली दलदल हळूहळू सुकली आणि ताडदेव, कामाठीपुरा, भायखळा या बाजूला वस्ती वाढायला जागा झाली.

हा झाला इतिहास. आता लोक जी गोष्ट सांगतात ती ऐका. बांध काही केल्या टिकेना. घातला की समुद्र फोडायचा. कामावर असलेल्या रामजी शिवजी या पाठारे प्रभू माणसाच्या स्वप्नात देवी आली. म्हणाली, मी इथे खाडीच्या तळाशी पडले आहे, आधी मला आणि माझ्या बहिणींना बाहेर काढा, मग बांध उभा राहील. कोळ्यांनी जाळी टाकली, आणि जाळ्यात तीन मूर्ती आल्या. महालक्ष्मी, महाकाली, महासरस्वती. जवळच्या टेकडीवर त्यांना जागा दिली. बांध टिकला.

आपण रांगेत उभं राहून दर्शन घेतो तेव्हा ही गोष्ट देवीच्या चमत्काराची म्हणून ऐकतो. मी यावेळी ती पाण्यातल्या बाईच्या बाजूने ऐकून पाहिली. समुद्र हटवायचाय? हटवा. पण त्याआधी तळाशी कोण राहतंय ते बघा, आणि तिची सोय करा. ही चक्क अट आहे! आजच्या भाषेत, आधी पुनर्वसन, मग प्रकल्प. आणि ती अट पुरी होईपर्यंत काम बंद. तीन देवींना बाहेर काढणारे हात कोळ्यांचे होते, हेही गोष्टीने विसरू दिलेलं नाही. इंजिनियरांच्या कागदांत त्यांची नावं नसतील, पण ज्यांच्या जाळ्यात देवी आली ते इथे आधीपासून होते, हे या गोष्टीत कायमचं नोंदवलं गेलंय. सातबारा नव्हता, पण गोष्ट होती.

खुद्द मुंबादेवीचंही असंच. ती मूळची कोळ्यांची. तिचं जुनं देऊळ आजच्या सीएसएमटीच्या परिसरात, बोरीबंदरच्या बाजूला होतं. अठराव्या शतकात ते तिथून हललं आणि देवी भुलेश्वरला आली. तिथे देवळासमोर तलाव होता, पुढे तोही बुजला. जिच्या नावावर अख्खं शहर आहे तिलाही शिफ्टिंग चुकलं नाही.

मोठ्या देवींना निदान जागा तरी मिळाली. विहिरीतल्या आसरांचं काय झालं?

इथे एक मस्त माणूस भेटतो, रुस्तम मसानी. मुंबई महापालिकेत सेक्रेटरी होते, पुढे म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांच्या काळात शहरात मलेरियाने हैदोस घातला होता. चार्ल्स बेंटली या डॉक्टरने तपास करून १९११ मध्ये अहवाल दिला, त्यातला मुख्य आरोपी होता घरोघरच्या विहिरी आणि टाक्यांत वाढणारा डास. विहारचं पाणी १८६० पासून नळाने येत होतं, तरी गिरगाव, फोर्ट, भुलेश्वर भागात अंगणा-अंगणात विहिरी होत्याच. मग महापालिकेचा हुकूम निघाला: विहीर बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशी झाका.

आणि लोकांचे आक्षेप यायला लागले. आमच्या विहिरीत शक्ती राहते, बुजवली तर घरावर संकट येईल. झाकली तर ती बाहेर कशी येणार? पारशी मंडळींचं म्हणणं, पाण्यावर सूर्याचा प्रकाश पडायलाच हवा. दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने हे अर्ज 'अंधश्रद्धा' असा शेरा मारून फायलीत टाकले असते. मसानींनी त्या गोष्टी जमवल्या, जगभरच्या पाण्याच्या दैवतांशी ताडून पाहिल्या आणि १९१८ मध्ये विहिरींच्या लोककथांवर इंग्रजीत अख्खं पुस्तक काढलं. विहिरी बंद करणाऱ्या ऑफिसातल्याच माणसाने विहिरीतल्या बायांची नोंद ठेवली!

आता मी विहिरी बुजवणाऱ्यांना व्हिलन करणार नाहीये. मलेरियाने माणसं मरत होती, डास खरा होता. पण महालक्ष्मीच्या गोष्टीत जी अट होती ती इथे कुणी पाळली नाही. बाहेर काढून टेकडीवर नेलं नाही, वरून राबिट टाकलं. अपवाद आहेत. चर्चगेटला क्रॉस मैदानाच्या टोकाशी १७२५ ची भिखा बेहराम विहीर आहे. समुद्राच्या इतकी जवळ असूनही तिचं पाणी गोड, पारशी लोक आजही तिथे दिवा लावतात. ती टिकली, कारण तिच्यामागे सांभाळणारा समाज होता. आमच्या वाडीतल्या आसरांना बिऱ्हाडकरूंच्या बायका होत्या, बस्स. त्यांच्या नावावर खोलीसुद्धा नव्हती, तर विहीर कुठली असणार?

विहिरीवरून थोडं नदीवर जाऊ, कारण बोली गेली म्हणजे नेमकं काय गेलं, हे सांगणारी एक गोष्ट आपल्याकडे अँडरसनच्या कितीतरी आधीची आहे. सत्यवती. शाप मिळून मासोळी झालेल्या अप्सरेच्या पोटी ती जन्मली, कोळ्यांच्या राजाने तिला वाढवलं, यमुनेवर ती नाव चालवायची. तिच्या अंगाला माशाचा वास येई म्हणून ती मत्स्यगंधा. पराशर ऋषींनी तो वास घालवला आणि ती योजनगंधा झाली, योजनभर सुगंध. मग शंतनू राजा, हस्तिनापूर, राजवाडा. वसंत कानेटकरांनी १९६४ मध्ये याच कथेवर 'मत्स्यगंधा' हे संगीत नाटक लिहिलं. जितेंद्र अभिषेकींनी त्याला संगीत दिलं. गिरगाव-दादरच्या एका पिढीला त्यातली पदं अजून पाठ आहेत, तुमच्या घरातल्या कुणालातरी विचारून बघा.

बघा ना, डॅनिश मुलीचा आवाज गेला, आपल्या मुलीचा वास गेला. राजवाड्यात शिरायची किंमत तीच! आणि मुंबईत हे काही पुराणातलं नाही. टोपली घेऊन बसमध्ये चढणाऱ्या मावशीकडे लोक कसं बघतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. बोंबील वाळत घातले की शेजारच्या नव्या टॉवरमधून तक्रार येते. काही सोसायट्यांत भाड्याने घर बघायला गेलं की आडनावाआधी 'नॉनव्हेज?' विचारतात. माझी एक मैत्रीण कोळीवाड्यातली. ऑफिसला सुरमईचा डबा न्यायचं तिने नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात बंद केलं. कुणी काही बोललं नव्हतं. मायक्रोवेव्हपाशी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, तेवढंच. तिच्या आजीच्या पिढीत लग्नाला धवलारीण यायची, हळदीपासून विधी गाऊन लावणारी. तिच्या स्वतःच्या लग्नात डीजे होता. ती म्हणते, "डबा बंद केला ते कळलं तरी. धवले कधी बंद झाले ते कळलंच नाही."

सत्यवतीच्या गोष्टीत मात्र एक भाग आपण घाईत विसरतो. तिचा कोळी बाप लग्नाला सहज हो म्हणत नाही. तोही अट घालतो. माझ्या मुलीचा मुलगा गादीवर बसेल, तरच. शाळेच्या पुस्तकात आपण ही भीष्माच्या त्यागाची गोष्ट म्हणून वाचतो आणि बाप त्यात हट्टी वाटतो. पण त्याच्या जागेवरून बघा. मुलगी कायमची दुसऱ्यांच्या घरात जातेय, वास आधीच गेलाय, निदान कायमची जागा तरी ठरवून घ्या!

आणि हीच अट लालबागमध्ये पुन्हा दिसते. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला. उघड्यावर आलेल्या कोळणींनी आणि दुकानदारांनी गणपतीला नवस केला, आम्हाला हक्काची जागा मिळू दे. जागा मिळाली, बाजार उभा राहिला, आणि १९३४ मध्ये गणपती बसवला. पहिल्या वर्षी मूर्ती होती कोळ्याच्या वेशात. आज जिथे व्हीआयपी रांगेवरून भांडणं होतात त्या लालबागच्या राजाची सुरुवात मासे विकायच्या जागेपासून आहे. नवसाला पावणारा म्हणतात, पण पहिला नवस काय होता हे रांगेतल्या किती जणांना माहीत असेल?

अलीकडची गोष्ट तर वरळीचीच, हॉर्नबीच्या बांधापासून थोडीच उत्तरेला. कोस्टल रोडचा पूल क्लीव्हलँड बंदराजवळ येणार होता, आणि दोन खांबांमधलं अंतर ठरलं होतं ६० मीटर. वरळी कोळीवाड्यातले लोक म्हणाले, भरतीच्या पाण्यात, वाऱ्यात, एवढ्या फटीतून आमच्या बोटी ये-जा करू शकणार नाहीत. कामही अडवलं. बऱ्याच वाटाघाटींनंतर अंतर १२० मीटर झालं. त्यांनी त्याहून जास्त मागितलं होतं. पण समुद्राच्या बाजूने बोलणारं कुणीतरी उभं राहिल्याशिवाय काम पुढे सरकलं नाही, ही जुनीच गोष्ट आहे, फक्त यावेळी स्वप्न कुणाला पडलं नाही, निवेदनं द्यावी लागली.

एक वळसा लांबचा घेते, कारण आजीच्या विहिरीकडे परत जायचंय. पश्चिम आफ्रिकेत योरुबा लोकांची येमोजा नावाची देवी आहे, ओगुन नदीची. गुलाम म्हणून जहाजात कोंबून नेलेल्या लोकांनी तिला ब्राझीलला नेलं. ती नदी तर तिथे नव्हती. मग ती समुद्राची देवी झाली, इमांजा. चित्रांत तिला मत्स्यकन्येची शेपटीही आली. दर वर्षी २ फेब्रुवारीला साल्वादोर शहरात कोळी होड्यांतून तिला फुलं, आरसे, कंगवे, अत्तर नेऊन वाहतात. बांगड्या आणि हळद-कुंकवाच्या किती जवळचं आहे हे!

म्हणजे पाण्यातली बाई प्रवास करू शकते. माणसांबरोबर, दुसऱ्या पाण्यात. पण तिला नेणारी माणसं एकत्र लागतात. साल्वादोरला एक अख्खा समाज होता. आमची वाडी मात्र एक बिऱ्हाड विरारला, एक डोंबिवलीला, एक कामोठ्याला, अशी विखुरली. सात बहिणींनी कुणाबरोबर जायचं?

आजीची विहीर चाळीच्या मागे होती, नळाशेजारी. तिच्या लहानपणीच तिच्यावर लोखंडी पत्रा बसवला होता, एका कोपऱ्यात बालदी जाईल एवढी झडप. पाणी फक्त भांडी आणि गणपतीच्या दिवसांत अंगण धुवायला. पत्र्यावर आम्ही लगोरी ठेवायचो आणि आजी ओरडायची. श्रावणात ती आणि शेजारची वहिनी त्या पत्र्यावरच कुंकवाची सात बोटं ओढायच्या. दगड नव्हते, बोटं होती.

मग रिडेव्हलपमेंट आलं. मीटिंगला मी आजीबरोबर गेले होते. कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, पार्किंग, दोन तास चाललं. शेवटी 'काही शंका?' असं विचारल्यावर आजीने हात वर केला आणि विचारलं, "विहिरीचं काय?" समोरच्या मुलाने लॅपटॉपवर नकाशा मोठा करून दाखवला. "आजी, तिथे पंपरूम येतंय." लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. आजी म्हणाली, "म्हणजे पाणीच ना? मग ठीक आहे." आणि खाली बसली.

मला तेव्हा तो भाबडेपणा वाटला होता. हा भाग लिहिताना पहिल्यांदा जाणवलं की अख्ख्या मीटिंगमध्ये आधीच्या रहिवाशांबद्दल विचारणारी ती एकटी होती.

आजी सध्या डोंबिवलीत आहे, ट्रान्झिटच्या भाड्यावर. टॉवर अजून अर्धवट आहे. मागच्या महिन्यात आम्ही साइटवर गेलो, तर पाया खणलेल्या खड्ड्यात पाणी साचलेलं, आणि ते उपसायला दोन पंप रात्रंदिवस चालू. वॉचमन वैतागून सांगत होता की कितीही काढा, खालून येतंच राहतं. आजीने पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि मला म्हणाली, "तू जरा त्याच्याशी बोलत राहा."

तर परळच्या मुली, माझं आधीचं उत्तर चुकलं होतं, सॉरी! आणि बाकीच्यांनो, तुमच्या चाळीत, वाडीत, कोळीवाड्यात विहीर होती का? आज तिथे काय आहे? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांची मर्यादा यावेळी नाही.